आठव्या पानावरची ओळ

दोर्कसला मी वाढवलं, पण ती आमची नव्हती. हे लिहिताना हात जड होतो, तरी आमच्या किनाऱ्यावर कुणालाही विचारा, असंच सांगेल. आमच्यात कूळ आईकडून येतं. बाप म्हणजे पोराला खांद्यावर बसवून जेवणावळीला नेणारा माणूस. जमीन, नाव, गोष्टी, सगळं आईचं. मी आणि माझा भाऊ घारीच्या कुळातले. भावाने बायको केली ती समुद्रापलीकडच्या कुवाबा बेटावरची, म्हणून पोरगी झाली तीही कुवाबाची. ती सात वर्षांची असताना आई तापाने गेली. पुढच्या वर्षी भाऊ मासे धरायला गेला तो आलाच नाही. होडीची उलांडी, तोल सांभाळायला बाजूला बांधतात तो ओंडका, तेवढी तिसऱ्या दिवशी वाळूला लागली.

रीतीप्रमाणे पोरीला तिच्या मामांकडे पोचवायला हवं होतं. मी म्हटलं, वारा पडू दे, मग जाऊ. वारा दर वर्षी पडायचा आणि मी दर वर्षी दुसरं काहीतरी काम काढायची. अशी ती आमच्या गावात, गबोडुनात राहिली, माझ्या घरात, माझ्या मळ्याच्या एका कोपऱ्यात कोनफळं लावत. तो कोपराही तिचा नव्हे. ज्याच्या आईची जमीन गावात नाही तो आमच्याकडे पाहुणाच, मग तिथे त्याचे केस का पिकेनात.

उंच होती, हात लांब. हसताना तोंडावर पालथी मूठ धरायची. आठवीपर्यंत शिकली, पुढे शिकायला शहरात राहावं लागलं असतं, ते जमलं नाही.

स्वातंत्र्य मिळून वीसेक वर्षं झाली असतील. सरकारचा हुकूम आला, की लहान पोरांची पहिली तीन वर्षं गावाच्या बोलीत शिकवायची, इंग्रजी मागाहून. मास्तर बाहेरचा नको. गावाने आपल्यातला निवडायचा आणि सरकार त्याला तयार करणार. नीरफणसाच्या झाडाखाली सभा बसली आणि अर्धा वेळ हसण्यातच गेला.

"आपली बोली पोरांना येतेच की," दोइलेगु म्हणाला. हा पारव्याच्या, म्हणजे गावातल्या दुसऱ्या कुळाचा वडील मामा, सगळं गाव त्याला मामाच म्हणायचं. सुकट माणूस, बोलायच्या आधी चुनाळ्यावर काडी दोनदा वाजवायचा. "जे येतं ते शिकायला शाळेत कशाला?"

दोर्कस मागे बायकांत बसली होती. तिथूनच म्हणाली, "मामा, तुम्हाला गाता येतं. पण तुमचं गाणं मुठीत धरून पलीकडच्या बेटावर पाठवता येतं का? लिहिलं की येतं."

"पाठवून काय करू? तिकडचे लोक बेसूर."

सगळे हसले. पण दोइलेगुने तिच्याकडे नीट पाहिलं आणि शेवटी नाव तिचंच निघालं. घारीची बाई निवडली तर पारवे रुसणार, पारव्याची निवडली तर घारी पंख आपटणार. दोर्कस कुणाचीच नव्हती. जन्मभर जे तिचं उणं होतं ते त्या दिवशी तिच्या उपयोगी पडलं.

तीन वर्षांचं शिक्षण होतं. वर्षाअखेर सहा आठवडे शहरात जाऊन बसायचं, उरलेलं वर्ष गावात शिकवायचं. मधून मधून सरकारचा ट्रेनर येऊन बघणार. शेवटी दोन गोष्टी दाखवायच्या: गावच्या बोलीतली, स्वतःच्या हाताने केलेली दहा पुस्तकं, आणि दोन्ही कुळांच्या वडीलमाणसांच्या सह्या, की ही बाई आम्हाला हवी आहे. त्यातलं एक जरी नसलं तरी कागद नाही. कागद नाही तर मास्तरीण नाही. आणि मास्तरीण नाही तर दोर्कस पुन्हा माझ्या कोपऱ्यातली पाहुणी.

पहिल्या खेपेला शहरातून परतली ती वेगळीच होऊन. "आत्या, आम्हाला गोल बसवलं," सांगत होती, "आणि विचारलं, तुम्ही लहान असताना तुम्हाला काय काय येत होतं, जे शाळेने कधी विचारलंच नाही? कुणी म्हणालं जाळं विणता यायचं, कुणी म्हणालं भरती ओळखता यायची. बोलता बोलता सगळे रडायला लागले. ट्रेनरसुद्धा."

"रडायला सहा आठवडे नेलं होतं का तुम्हाला?" मी म्हटलं.

पण तिचं म्हणणं मला कळलं होतं. मी मिशनच्या शाळेत दोन वर्षं गेले. आमच्या पुस्तकात एक चित्र होतं, गोरी पोरं पांढऱ्याशुभ्र डोंगरावरून घसरतायत. पांढरं म्हणजे आम्हाला चुना. सुपारीबरोबर खायचा चुना आम्ही शिंपले भाजून करतो, दिवसभर भाजावं तेव्हा मूठभर निघतो. आम्ही वर्गातल्या मुली थक्क, की एवढा डोंगर कुणी भाजला असेल, आणि त्यावर ढुंगण घासत बसायला यांना लाज कशी नाही? बाईंना विचारलं तर पाठीत रट्टा मिळाला. बर्फ म्हणजे काय ते मला चाळिशीत कळलं, शहरात एका दुकानात. तोवर अक्षरंही विसरले होते. पाटीवर सकाळी लिहायचं, संध्याकाळी पुसून घरी जायचं, लिहिणं म्हणजे मला एवढंच ठाऊक.

दोर्कसच्या शाळेवर दोन्ही कुळांनी मिळून झावळ्या घातल्या. चौतीस पोरं. मी मागच्या कुडाला टेकून केवड्याच्या पातीची चटई विणत बसायची. खरं म्हणजे शिकत होते, पण चटई हातात असली की कुणी हसत नाही. ती पोरांना आमचंच मोजणं शिकवायची: एक हात, दोन हात, एक पाय, आणि वीस झाले की 'एक माणूस संपला'. तांदळाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून पुस्तकं करायची, चित्रं कोळशाने, अक्षरं बोटभर उंच. एका सकाळी एका चिमुरडीने 'उलांडी' हा शब्द स्वतःच्या स्वतः लावून वाचला आणि वर्गातून उठून धावत सुटली. आम्हाला वाटलं, हिला लागली असेल जोराची. ती गेली होती किनाऱ्यावर, होडीच्या उलांडीला हात लावून बघायला.

ट्रेनर लेबानी दुसऱ्या बेटावरचा. मोटारहोडीतून उतरला की आधी झुडपाआड जाऊन ओकायचा, मग तोंड पुसून शाळेत यायचा. चांगला माणूस होता. मी त्याला आजही चांगलाच म्हणते. पोरांत मांडी घालून बसायचा, आमच्या बोलीतला एकेक शब्द चघळून बघायचा. पण त्याच्या काळ्या पिशवीत नियमांचा कागद होता. लहान पोरांच्या पुस्तकाला पानं आठ. एका पानावर एक चित्र, एक ओळ. गोष्टीत माणूस एक. आणि शेवट बंद हवा, म्हणजे आठव्या पानावर गोष्ट संपलेली दिसली पाहिजे.

तिसऱ्या वर्षी नऊ पुस्तकं झाली. खेकड्याचं, डुकराने मळा खाल्ला त्याचं, जाळ्याचं, अशी. लेबानी पुठ्ठे चाळून म्हणाला, "दहावं मोठं कर, दोर्कस. गावाची स्वतःची गोष्ट. हे गाव कसं झालं ते. पोराने स्वतःच्या गावाची गोष्ट स्वतःच्या बोलीत वाचली की त्याचा कणा ताठ होतो."

"ती गोष्ट मला सांगायचा हक्क नाही, सर."

"मग ज्याला आहे त्याला विचार. तेच तर शिकवलं तुम्हाला, की गावाला शाळेत आणा. मी पुढच्या गुरुवारी येतो. तेव्हा दहा झालेली असली तर तुझा कागद वर पाठवतो, नाहीतर पुढच्या वर्षीच्या तुकडीत."

आमची ती गोष्ट दोन तोंडांनी सांगतात. पहिली बाई ओंडक्यावर बसून आली, मांडीवर मातीचं मडकं, ही अर्धी गोष्ट घारीची. मडकं झऱ्याकाठी खाली ठेवलं की घारीचं तोंड बंद. मग सुपारी फिरते, आणि पाण्यापासून पुढची गोष्ट पारव्याचा माणूस घेतो. तीही आम्ही ऐकलेली असते, पाठ असते, पण ती आमच्या तोंडातली नव्हे. कुणी एकट्याने सबंध सांगत नाही. एवढं मात्र सांगते, कारण ते सगळ्या गावाला माहीत आहे: मडकं खाली ठेवलं तेव्हा झऱ्यावर ती बाई एकटी नव्हती.

दोर्कस सुपारीचा घड घेऊन दोइलेगुकडे गेली. मी बरोबर होते.

त्याने घड ठेवून घेतला. काडी वाजवली. "कोनफळं निघू देत. कोठार भरलं की बसू. तुझी आत्या एका बाजूला, मी एका बाजूला, तू मधे लिही."

"मामा, साहेब गुरुवारी येणार आहेत."

"मग साहेबाला सांग, गोष्ट अजून जमिनीत आहे. कच्चं काढून खाल्लं की घसा खाजतो."

"दोन महिने आहेत कोनफळांना! माझं वर्ष जाईल."

"पोरी, तुझं वर्ष जाईल. माझ्या आज्ज्यांची किती वर्षं त्या गोष्टीत गेली आहेत ते मोजलंस?" चिडून नव्हता बोलला. उलट उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी सही देणार आहे तुला. घाई करू नकोस."

घरी येऊन ती पुठ्ठे कापत बसली. बोलेना. तिचं ते गप्प बसणं मला लहानपणापासून सहन होत नसे. भाऊ बुडाला तेव्हाही ती तशीच बसली होती, शिंपले आकाराने लावत.

"माझी अर्धी तर माझी आहे," मी म्हटलं. "ती घे."

"अर्धीच?"

"पोरांना अर्धी पुष्कळ झाली. त्यांचं पोटही अर्धंच असतं."

मी अळकुड्या सोलत सांगत गेले, ती लिहीत गेली. ओंडका. लाटा. मांडीवरचं मडकं. घार डोक्यावर फिरते. वाळू. चालत येते. झऱ्याकाठी मडकं ठेवते. सात पानं झाली.

"आत्या, आठवं पान रिकामं आहे."

"असू दे रिकामं."

"चालत नाही. शेवट बंद लागतो."

आता बघा, माझ्या हातात सुरी होती, अळकुड्यांचा चीक बोटांना लागला होता, खाज सुटली होती, चुलीवर नारळाचं दूध उतू जायला आलं होतं. इतक्या सामान्य वेळी माणसाच्या तोंडून असं जातं. मी म्हटलं, "मग लिही, 'ही जागा तिची झाली.'"

तिने मान वर केली. "असं आहे गोष्टीत?"

"पोरांच्या पुठ्ठ्याला कोण विचारतंय गं? आज लिही, उद्या पूस."

तिने कोळशाचं टोक चुलीच्या दगडावर घासून बारीक केलं. मग तिने लिहिलं. बोटभर उंच अक्षरांत, सुंदर.

गुरुवारी लेबानी आला, ओकला, पुस्तक वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले. पुठ्ठा पुसायला तो इथे ठेवून गेलाच नाही. बरोबर घेऊन गेला. म्हणाला, कागद वर पाठवतो, सह्यांचा कागद दोइलेगुकडे ठेवून जातो, कोनफळं निघाली की दोन्ही सह्या घ्यायला येतो. पण कोनफळं निघायच्या आधीच शहरातून एक खोकं आलं. त्यात चाळीस पुस्तकं, गुळगुळीत कागदाची, पाठीवर सरकारचा पक्षी छापलेला. आत आमचं मडकं, आमचा झरा, आणि शेवटच्या पानावर माझी ओळ. खाली लहान अक्षरांत दोर्कसचं नाव. ती ते नाव बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत होती. मी म्हटलं, "हे पुसतं का?" ती म्हणाली, "नाही आत्या." हसत म्हणाली, पण मूठ तोंडावर नेली नाही.

त्या वर्षी मासळीची एक कंपनी झऱ्याजवळच्या खाडीत धक्का बांधायला बघत होती. जमीन कुणाची हे ठरल्याशिवाय कुणाला काही मिळणार नव्हतं, म्हणून दोन्ही कुळं जमिनीच्या कोर्टात गेलेली. आमच्या बाजूने बोलायला माझ्या बहिणीचा मुलगा एमोसी. हुशार, गोड बोलणारा, आणि हुशार माणसाला मऊ जागा बरोबर सापडते. त्याने खोक्यातलं एक पुस्तक उचललं, तालुक्याला नेलं आणि कोर्टात आठवं पान उभं राहून वाचलं. "हे आम्ही म्हणत नाही," म्हणाला, "हे सरकारने छापलंय."

दुसऱ्या दिवसापासून पारव्यांची पोरं शाळेत यायची बंद झाली. चौतिसातली एकोणीस. दोर्कस घरोघर गेली. बायका दारात येऊन बोलायच्या, पण आत ये म्हणत नव्हत्या. एकीने तोंडावर सांगितलं, "आमच्या पोराने काय वाचायचं? की त्याची आजी नव्हतीच?"

ती दोइलेगुकडेही गेली. तो मळ्यात होता. तिने विचारलं, "मामा, मी चुकले. कसं सुधारू?" तो काठीने माती उकरत राहिला. म्हणाला, "मी तुला थांब म्हटलं होतं." एवढंच.

रविवारी सगळे मिशनच्या देवळात होते. तिसरं भजन चालू असताना धुराचा वास आला. पुढच्या रांगेतल्या बायका गात राहिल्या, वाटलं कुणी मळा जाळतंय. दोर्कस उठून धावली. झावळ्या वाळलेल्या, आम्ही पोचेपर्यंत खांब उभे राहिलेले, बाकी काही नाही. नऊही पुठ्ठ्यांची पुस्तकं आत. खेकड्याचं, जाळ्याचं. ती राखेच्या कडेला उभी राहून हाताने वारं घालत होती, जणू राख जरा बाजूला झाली तर खाली अक्षरं असतील.

कुणी लावली ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. दोन्हीकडच्या पोरांनी भाले काढले होते, ते मी पाहिले. म्हणून सभा बसली, त्याच नीरफणसाखाली. घारी एका अंगाला, पारवे दुसऱ्या. मधल्या रिकाम्या जागेत दोर्कस, एकटी. तिला तिसरी जागाच नव्हती.

दोइलेगुने एक छापील पुस्तक चटईवर ठेवलं. "सात पानं घारीची आहेत," तो म्हणाला. "ती त्यांनी सांगावी, आमचं काही नाही. आठवं पान कुणाचं? हे आमच्या गोष्टीत नाही, त्यांच्याही नाही. हे कुणाच्या तोंडातून आलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला कळलं, की मुद्दामच पाहत नाहीये.

एमोसी माझ्या शेजारी बसला होता. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी हलका, म्हाताऱ्या मावशीला आधार द्यावा तसा. कानात म्हणाला, "मावशी, तू बोललीस तर ते घारीचं बोलणं होईल. उद्या इथे माणसं पडतील." खोटं नव्हतं त्याचं. म्हणूनच तर मला गप्प बसायला सोपं गेलं.

"माझं," दोर्कस म्हणाली. "शेवट बंद हवा होता, म्हणून मीच लिहिलं. आत्याने अर्धीच सांगितली होती. मी इथली नाही, मला समजलं नाही."

मी इथली नाही. अठ्ठावीस वर्षांत तिने हे स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलं नव्हतं.

सभा सैल झाली. भाले धरलेल्या पोरांचे खांदे उतरले. परक्या बाईची चूक, मग कुणाच्या रक्ताची गरज नाही. एक डुक्कर आमच्याकडून, एक त्यांच्याकडून, पुस्तकं जाळायची, आणि ही पोरगी तिच्या आईच्या बेटावर परत. दोइलेगु उठताना म्हणाला, "सही नाही." आमच्या कुळाच्या वडीलमाणसांनीही नकाराची मान हलवली. मी चटईचा काठ उसवत बसले होते. घरी जाऊन पाहिलं तर टीचभर उसवली होती.

जाताना तिने टोपलीत दोन लुगडी आणि खडूची डबी घेतली. किनाऱ्यावर मी म्हटलं, "मी सांगेन त्यांना. वारा पडला की सांगेन."

"नको आत्या," ती म्हणाली. "पोरं नीट शिकू देत आधी." पोरं कुठे शिकणार होती, शाळा राख झालेली. पण ती तसंच म्हणाली. मग होडीवाल्याला म्हणाली, "चल रे, ओहोटी लागली," आणि मागे वळून पाहिलं नाही.

कोर्टाचं म्हणाल तर साहेबाने ते पुस्तक बाजूला ठेवलं. म्हणाला, लहान मुलांची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. कंपनी दुसऱ्या खाडीला गेली. झरा जिथे होता तिथेच आहे, त्यावर आता दोन्ही कुळांच्या बायका वेगवेगळ्या वेळी जातात.

वारा पडला. पुन्हा सुटला. पुन्हा पडला. कुवाबाहून येणारे सांगायचे, की दोर्कस मामांच्या मळ्यात राबते. तिथे तिला जमीन आहे, सगळं आहे, पण तिला तिकडची बोली नीट येत नाही, पोरं तिला हसतात. तिथल्या शाळेच्या वाटेलाही ती जात नाही. खडूची डबी आढ्याला टांगून ठेवलीय. ते डबीचं ऐकलं त्या दिवशी मी उठले आणि दोइलेगुच्या घरी गेले. सुपारी नेली नाही. द्यायला तोंड नव्हतं.

"आठवं पान माझं," मी म्हटलं.

त्याने काडी वाजवली नाही. "दीड वर्ष लागलं तुला," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पोरगी कुवाबाची. 'जागा तिची झाली' हे तिच्या डोक्यात कशाला येईल? तिला स्वतःलाच जागा नव्हती. ते घारीचं वाक्य. मी वाट पाहत होतो, घारीतलं कोण उठतं बघू. उठली ती पारकी पोर."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

 मग तो आत गेला, लेबानीने ठेवलेला तो जुना सह्यांचा कागद घेऊन आला. जपून ठेवला होता त्याने, तांदळाच्या पिशवीत गुंडाळून. त्यावर त्याने सही केली, हळूहळू, पाण्यातून होडीचा नांगर ओढल्यासारखी. म्हणाला, "वारा बरा आहे. उद्या जाऊ. तिच्यासमोर बसू. तू तुझी सांग, मी माझी सांगतो. ती मधे बसून लिहील. आठ पानांत मावली नाही तर साहेबाला म्हणावं, पानं वाढव."

मी त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

कुवाबाला होडी लागली तेव्हा किनाऱ्यावर कुणी हात हलवला नाही. तिच्या धाकट्या मामाच्या डोक्याचे केस काढलेले. दोर्कसला ताप आला, म्हणाला, पाच दिवसांचा. दवाखान्यात गोळ्या संपल्या होत्या. निरोप पाठवला होता, पण होडी मधेच दुसऱ्या बेटावर अडकली. तीन आठवडे झाले होते. थडग्यावरचे शिंपले अजून पांढरे होते.

मी दोइलेगुला म्हटलं, "सांग. इथे बसून सांग. मी माझी सांगते."

तो सह्यांचा कागद हातात घेऊन उभा होता. "ऐकणारी नाही," तो म्हणाला. "लिहिणारी नाही. कुणाला सांगू, शिंपल्यांना?"

परतीच्या वाटेवर त्याने सुपारी तोंडात टाकली नाही. त्यानंतर त्याने ती गोष्ट कुठल्याच जेवणावळीत सांगितली नाही. बोलावलं तरी गेला नाही. चार पावसाळ्यांनी तो गेला. त्याचे भाचे शहरात, कुणी ट्रक चालवतो, कुणी पहारेकरी. त्यांना मामाने काही दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. मला पुढचं सगळं शब्दन् शब्द पाठ आहे. पण ते माझं नाही. इथेही लिहिणार नाही.

आता गावात नवी शाळा आहे, पत्र्याची. सरकारचा हुकूम फिरला, पहिल्या दिवसापासून इंग्रजी. बाई बाहेरच्या आहेत, त्यांच्या भिंतीवर सफरचंद आहे. लेबानी निवृत्त झाला म्हणतात, होडीत बसायचं टळलं बिचाऱ्याचं.

एमोसीच्या बहिणीची नात जेरुशा, सात वर्षांची, मला बुबू म्हणते, म्हणजे आजी. परवा कुठल्याशा ट्रंकेत एक पुस्तक सापडलं ते घेऊन माझ्याकडे आली. पाठीवर पक्षी. चाळिसातलं हे एक एमोसीने जाळलं नव्हतं. बोट ठेवून ठेवून वाचलं तिने, आमची बोली इंग्रजीसारखी अडखळत. ओंडका. लाटा. मडकं. शेवटची ओळ वाचून म्हणाली, "ही आपली जागा ना, बुबू? मग पुढे काय झालं?"

मी चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि आठव्या पानावरची ओळ खोडली. गुळगुळीत कागद, कोळसा धरेना, तीनदा फिरवावा लागला. मग तिच्याखाली लिहिलं. दोर्कसने मागच्या कुडाशी बसवून शिकवलेली अक्षरं, माझी वाकडी येतात.

"काय लिहिलंस?"

"वाच की."

तिने बोट ठेवलं. "अर्धी."

मग माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाली, "बुबू, पुस्तकात लिहायचं नसतं. बाई मारतात."